डावा हात

माझं नाव लालसिंग. ह्या नावाचा मी नागपुरात जेवढा फायदा घेतला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा घेतला नाही. सन चौपन्नला डाक्टरकी शिकायला गेलो. वसतिगृहातल्या पोरांनी नावावरून मला आपण होऊनच राजपूत ठरवलं आणि मी मूग गिळून बसलो. जऊळका स्टेशनापासून दोन कोसांवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा, हे कुणाला कळूच दिलं नाही. लोक तांड्यावरच्या माणसाला चोर समजायचे. भित्रा होतो मी, दुसरं काय!

पावसाळ्यात मुडदे चिरून शरीर शिकायचं सुरू झालं. एका टेबलाला सहा पोरं, आणि सुरुवात हातापासून. आमच्या टेबलावर एक बाई होती, दवाखान्यात वारलेली, बेवारस. तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. मनगटापासून खांद्यापर्यंत कातडीवर फिकट पट्टे होते. जन्मभर हातभर बांगड्या घातल्या की तिथं ऊन लागत नाही, तसे. असेच हात माझ्या आईचे होते, मावशीचेही. बाई आमच्यातलीच, हे मी तिथंच ओळखलं.

सुरी लावण्याआधी सरांनी विचारलं, ही कुठली असेल ते कुणाला सांगता येईल का? पत्ता लागला तर तिच्या माणसांना कळवू, तोवर थांबू. शेजारचा जगदेव सहज म्हणाला, "लालसिंग, तुमच्याकडच्या बाया घालतात का रे अशा हातभर बांगड्या?"

"आमच्यात नाही घालत," मी म्हणालो. "कुठली आहे, काय माहीत."

सर पुढच्या टेबलाकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्या हातावर पहिली सुरी मीच चालवली. एकेक शीर, एकेक स्नायू सोडवून बघितला. आजही कुणाचा मोडलेला हात माझ्यापुढे आला की बोटं बिनचूक चालतात, ती तिच्यामुळे. परीक्षेत हातावरच प्रश्न आला आणि मी पहिला आलो. लाजेनं मान खाली जायला हवी होती. मी निर्लज्जासारखे पेढे वाटले.

दिवाळीत घरी आलो तर शेजारच्या तांड्यावरचा म्हातारा धरमसिंग आमच्या बाजेवर बसलेला. माझीच वाट बघत होता. उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन नागपूरकडे सडकेच्या कामाला गेला होता. स्टेशनावरच्या गर्दीत दोघांची चुकामूक झाली ती झालीच. महिनाभर त्यानं सगळं नागपूर पालथं घातलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंतही गेला, पण कुणाला काय विचारायचं ते न कळून परतला. तू तिथं राहतोस, कुठं दिसली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. नाव गोमतीबाई. डावी करंगळी कडबा तोडताना विळ्यानं अर्धी गेलेली.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या माणसासमोर ते जमेना. सांगून टाकलं. ती दवाखान्यात वारली, माणूस सापडलं नाही म्हणून आमच्याकडे आली, आम्ही तिच्यावर शिकलो, उरलं ते जाळलं. सगळं सांगितलं. सरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेवढंच पोटात ठेवलं.

मला वाटलं, म्हातारा आता उठून माझं थोबाड फोडील. फोडायलाच पाहिजे होतं.

"तू होता का तिच्यापाशी?" त्यानं विचारलं.

"होतो."

"शेवटलोग?"

"हो."

त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "मंग ठीक हाय बाप्पा. मले वाटे, तिच्यापाशी आपलं कोनीच नोतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांग, आता तरी सांग, असं मी मनात स्वतःला म्हणत राहिलो. तेवढ्यात तो म्हातारा उठला, वाकला आणि माझ्या पाया पडला. आणि मी पडू दिलं.