उतारावरची रांगोळी

मी एक जुना लाकडी उतार आहे, मित्रांनो. कोपरखैरण्याच्या समाजमंदिराच्या तीन पायऱ्यांवर टेकलेला. हसू नका, मी सात समुद्र पार करून आलोय! मी आधी एक पेटी होतो. माझ्या पोटात एवढं जड मशीन होतं की न्हावा शेव्याला मला उतरवल्यावर बोट दोन हात वर आली आणि खालचे मासे म्हणाले, "सुटलो बाबा!" खोटं वाटतं? मला हुंगून बघा, अजून खारट वास येतो.

मानसिंग तिथे बंदरावर कामाला. त्याची आई रंगूबाई चाकाच्या खुर्चीत. पायऱ्यांवर दोघं तिला उचलायचे, तर ती ओरडायची, "मी काय गोणी हाय व्हय रं?" मग मानसिंगने पेटीच्या फळ्या मागून आणल्या आणि मला ठोकलं. तेव्हापासून रंगूबाई एकटी वर चढून भजनाला जायची. चाकं खडखडली की मला वाटायचं, मृदंग मीच वाजवतोय.

शहाण्णवच्या सव्वीस जानेवारीला समाजमंदिरात डोळे तपासायचं शिबिर होतं. रंगूबाईला धूसर दिसायचं, म्हणून यादीत तिचं नाव पहिलं. डॉक्टर फक्त एक वाजेपर्यंत. शिबिराची यादी सांभाळणाऱ्या जयमालावहिनींनी पहाटे उठून माझ्या अख्ख्या अंगावर रांगोळी काढली. मी नवरदेवासारखा फुगलो!

रंगूबाई आली आणि थबकली.

दारातले आप्पा म्हणाले, "आजी, चला की वर."

"एवढ्या कष्टाच्या रांगोळीवर चाकं घालू व्हय? मला धड दिसत न्हाई, तरी रंग दिसत्यात बग."

"मग संध्याकाळी या, पुसल्यावर."

ती मुकाट्याने परत गेली. मला ओरडता आलं नाही, मित्रांनो.

आत तिचं नाव सकाळी एकदा पुकारून झालं होतं; एक वाजत आला तसं पुन्हा पुकारलं. वहिनी बाहेर आल्या. "आजी आल्याच नाहीत?"

"आल्या होत्या. तुमची रांगोळी बघून गेल्या."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. एक ठिपका हलला नव्हता. त्यांनी झाडू घेतला, सगळं झाडलं आणि आजींच्या घराकडे अनवाणी धावल्या. डॉक्टर बॅग बंद करत होते, तेवढ्यात माझ्या अंगावर चाकं खडखडली.

आता रंगूबाई नाही. शोभेसाठी माझ्यावर सहा कुंड्या मांडल्यात. रोज पाणी घालतात, तेवढीच सोबत. कुंड्या बघून किती जण परत गेले, कोणाला ठाऊक? परत जाणारं माणूस आवाज करत नाही.

मित्रांनो, कुंड्या जरा बाजूला घ्याल का?