अकरा घरांची मतं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघणार होती आणि ओमेश सरांनी माझ्याकडे एक लेख मागितला. आपला जुना देवतलाव मतदारसंघ आणि त्याचे आमदार. मी राज्यशास्त्रात एम.ए. केलंय हे गावात बहुतेक त्यांनाच आठवतं. बाकीच्यांसाठी मी हिमांशूची बायको, आणि बायकांच्या भाषेत, "पोरीच्या मांगं मांगं फिरनारी". ते खोटं नाही. गुंजन साडेतीन वर्षांची आहे आणि तलाव आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी मोजलीत.

देवतलाव नावाचा मतदारसंघ आता राहिला नाही. पुनर्रचनेत त्याचे तुकडे झाले. आमचं गाव पूर्वी मधोमध होतं, ते एका नव्या मतदारसंघाच्या काठाला गेलं आणि नाल्यापलीकडची गावं दुसऱ्यात. ज्यांनी एका आमदारासाठी एकत्र भांडणं केली, त्यांच्या भिंतींवर आता वेगवेगळी नावं रंगतात.

लेखासाठी मला फार फिरावं लागलं नाही. माहिती घरातच होती. माझे सासरे, परसराम मामाजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला भितात. चाळीस वर्षं ते गावतलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी कधी जाईल, किती वेळ राहील, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. आधी त्यांचे वडील होते. पाणकरानं पाळी सांगितली की गावात कोणी हुज्जत घालत नसे.

दिवाळीच्या आठवड्यात मी वही घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले. बाहेर विधानसभेच्या प्रचाराचा ऑटो फिरत होता आणि गुंजन त्याच्या गाण्यावर अंगणात नाचत होती. मी बसले होते ते फाटक दिसेल असंच.

"लिही," मामाजी म्हणाले, "पहिला आमदार दुर्गाप्रसाद. मालगुजाराचा पोरगा. दमणीत बसून मतं मागाले आला. बैलाच्या गळ्यात घुंगरं. बाया मत देऊन आल्या त्या बैलालेच, असं माही माय सांगे."

"मामाजी, हे छापायचंय."

"मंग छाप ना! खोटं हाय का? दोन बखत निवडून आला तो. पन तलावाचं तुडूम त्यानंच पक्कं करून देल्लं. पाणी सोडाचं दार आधी मातीचं रायचं, दर साली फुटे. थे त्यानं सिमिटाचं केलं."

मग श्यामलाल. तीन वेळा. शाळा त्यांनी आणली. मंजुरी मिळाली त्या दिवशी आमगाव स्टेशनपासून गावापर्यंत चालत आले होते, कारण बस नव्हती आणि बातमी आधी दुसऱ्या कोणी सांगावी हे त्यांना चालणार नव्हतं. मग धर्मेंद्र. त्यांनी रस्ता दिला, बस दिली. "बोलाले खराब," मामाजी म्हणाले, "पन रस्ता सरळ." त्यांनी एकेकाची साल, एकेकाची निशाणी सांगितली. मी भराभर लिहीत गेले.

"आणि शेवटची निवडणूक? दोन हजार चारची?"

मामाजींनी डोळे मिटले. मला वाटलं, थकले. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाले, "बस."

ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन आले त्या महिन्यातच मी ऐकली होती. त्या वेळी पहिल्यांदाच गावचा माणूस उभा होता, केशोराव गुरुजी. समोर आमदार धर्मेंद्र, आणि म्हातारे झालेले श्यामलाल अपक्ष. गुरुजी एक्केचाळीस मतांनी पडले. मोजणीला बसलेल्या माणसानं बूथचे आकडे आणले तेव्हा कळलं की गुरुजींच्या स्वतःच्या गावातून अठ्ठावन्न मतं बाहेर गेलीत. सदतीस धर्मेंद्रला, एकवीस श्यामलालला. ती सदतीस गुरुजींना पडली असती तरी गुरुजी आमदार झाले असते. गाव पेटलं. मग कोणीतरी म्हणालं, गावातल्याच चुन्नीलालला धर्मेंद्रच्या जीपमधून उतरताना पाहिलं. बस. चुन्नीलालनं गाव विकलं, असं ठरलं ते ठरलंच. पुढच्या निवडणुकीत बघू म्हणेपर्यंत मतदारसंघच मोडला. पुन्हा तशी वेळ आली नाही. गुरुजी त्याच दुःखात गेले.

"चुन्नीनं काहीच नाई केलं," मामाजी म्हणाले. "थे मतं मी वाटली."

मला कळलंच नाही. "वाटली म्हणजे?"

"जसं पाणी वाटतो तसं."

त्यांनी सांगितलं ते असं. मतदानाच्या आदल्या दिवशी उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. नेहमीसारखे ते घरोघर पाळी सांगायला निघाले. डोक्यात दुसरंच चाललं होतं. गुरुजी तर निवडून येणारच, सगळा मतदारसंघ त्यांच्या बाजूनं बोलतोय. मग धर्मेंद्रनं रस्ता दिला, त्याच्या पेटीत आपल्या गावातून एकही मत नाही? श्यामलालनं शाळा दिली, म्हातारा माणूस, शेवटचं उभं राहणं, तो आपल्या गावातून कोरडा जाईल?

"पाणकराचा कायदा एकच, बाई. वरच्या बांधीचं पोट भरलं का दार खाली वळवाचं. शेवटची बांधी कोरडी ठेवाची नाई. मले वाटलं, गुरुजीचं पोट भरलं हाय."

अकरा घरं त्यांनी निवडली. प्रत्येक घरी पाण्याची पाळी सांगितली आणि दारातून निघताना मताचीही सांगितली. तुमी धर्मेंद्रले. तुमी श्यामलालले. कोणी 'कायले?' असं विचारलं नाही. पाणकर सांगतो ते ऐकायची सवय.

"आणि निकालानंतर?"

"अकरा घरं गप्प. मी गप्प. चुन्नी आमगाववरून खताची पोती घेऊन येत होता, धर्मेंद्रच्या डायवरनं बसवून घेतलं त्याले. एवढंच." त्यांचा चांगला डोळा पाझरत होता, तो त्यांनी धोतरानं पुसला. "त्याच्या बांधीत मी कधी पाणी कमी पडू नाई देल्लं. एक दिवस तलावाच्या पारीवर भेटला. म्हने, 'पाणी तं देऊन राहिलास भाऊ, पन माह्यासंगं बोलत काऊन नाईस?' मी फावडा घेतला अन् निघून गेलो."

चुन्नीलाल काका सहा वर्षांपूर्वी गेले. मयतीला खांदा द्यायला आमगावच्या राईस मिलमधले चार हमाल आले होते. गावातले लोक तलावाच्या बांधावर उभं राहून बघत होते. मामाजीही तिथेच उभे होते.

"लिहून टाक," ते म्हणाले. "माह्या नावानं. चुन्नीच्या बायकोच्या, शामकलाच्या हाती थे पुस्तक पडलं पायजे. गावाच्या हाती पडलं पायजे."

मी हो म्हणाले.

लेख मी चार दिवसांत लिहिला. तो परिच्छेदही लिहिला, दहा ओळींचा, आणि तो लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद होता. मग गुंजनला ताप आला. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले असताना मला दुर्गेश्वरी आठवली. चुन्नीलाल काकांची मुलगी. मी तिला कधी पाहिलेलं नाही. ओमेश सर तिच्याच वर्गात शिकत होते. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, की मुलं तिला 'एक्केचाळीस' म्हणून हाक मारायची. हजेरीलासुद्धा मागून आवाज यायचा. नववीत तिनं शाळा सोडली. दूर छत्तीसगडात दिली तिला, माहेरी येत नाही.

गुंजनलाही याच शाळेत जायचं होतं.

तिच्या आजोबांनी आमदारकी बुडवली, आणि वर वीस वर्षं ते दुसऱ्याच्या अंगावर ढकललं. मुलांना हाक मारायला काय लागतं? हिमांशूचं आमगावला कृषी केंद्र आहे, गिऱ्हाईक सगळं याच गावांचं. त्याला मी विचारलं. तो मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "बाबूजी आज हैं, कल नहीं. हमको यहीं रहना है, राखी." गोंदियात वाढल्यामुळे मी घरात हिंदीच बोलायचे, त्याला ती सवय माझ्यामुळेच लागली. अवघड बोलायचं असलं की तो हिंदीत बोलतो.

मी परिच्छेद काढला. त्या जागी लिहिलं, 'शेवटच्या निवडणुकीत गावच्या उमेदवाराचा निसटता पराभव झाला.'

स्मरणिका जानेवारीत आली. मामाजींना वाचता येत नाही असं नाही, पण अक्षर बारीक होतं. मी वाचून दाखवली. घुंगरांच्या बैलांवर ते हसले. निसटत्या पराभवाशी मी थांबले नाही, पुढे वाचत गेले, पुनर्रचना, आभार, समाप्त.

"चुन्नीचं?"

"सरांनी दोनच पानं दिली होती, मामाजी. जागा पुरली नाही."

सरांनी हवं तेवढं लिहा म्हटलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "चांगलं लिवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. दहा मिनिटं झाली असतील. वळून पाहिलं तर अंगणात गुंजन नाही. खाटेवर मामाजी नाहीत. फाटक उघडं. माझे पाय आधी तलावाकडेच गेले. बांधावर कोणी नव्हतं, घाटावर कोणी नव्हतं, पाण्यावर काही नव्हतं. मी पाण्याकडे इतकं टक लावून पाहिलं की धुणं धुणारी बाई म्हणाली, "कोनाले पाहून राहिलीस? म्हातारा तं पोरीचा हात धरून तिकडे गेला. शामकलाच्या घराकडे."

शामकला काकींचं घर गावाच्या टोकाला आहे. त्या वाटेनं मी आठ वर्षांत दोनदा गेले असेन.

फाटकाशीच मला मामाजींचा आवाज ऐकू आला. सांगून संपत आलं होतं. ते ओसरीखाली जमिनीवर बसले होते, काकी चुलीसमोर पाठमोऱ्या. गुंजन ओट्यावर, हातात मुरमुऱ्याची वाटी.

"...अकरा घरं मीच निवडली. चुन्नीचा काही दोष नोहता. मले त्याचवेळी बोलाले पायजे होतं. नाई बोललो."

काकींनी कढईतली भाजी हलवली. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग त्या न वळता म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"माहा माणूस मरेपर्यंत मले इचारे, 'शामकला, म्या नशेत तं काही सांगतलं नसंन ना कोनाले?' दारू पेत नोहता तो. तरी इचारे. सारं गाव म्हनते तं आपूनच काहीतरी केलं असंन, असं वाटे त्याले." त्यांनी झाकण ठेवलं. "आता हे मी कोनाले जाऊन सांगू, भाऊ? पोरगी फोन उचलत नाई. म्हने, त्या गावचं नाव काढू नोको."

"मी गावात सांगतो. चावडीवर उभा राहून सांगतो."

"सांग. कोनाले सांगशीन? गुरुजी गेला. आताच्या पोराइले देवतलावचा आमदार रायचा हेच मालूम नाई. हासतीन तुले." आवाज चढला नव्हता. "उठ. गार जमिनीवर बसू नोको. तुह्या घरचे म्हनतीन, शामकलानं बसवून ठेवलं."

मामाजी उठायचा प्रयत्न करत होते. गुडघा धरला होता. मी पुढे होऊन त्यांना हात दिला, तेव्हा काकींनी मला पाहिलं.

"तू आलीस का." त्यांनी मला पायापासून वरपर्यंत निरखलं. मी धावत आले होते, पायात चप्पल नव्हती. "पुस्तकात तूच लिवलंस ना? शाळेतला पोरगा आनून देऊन गेला मले एक. त्यात तं हे नाई."

"नाही."

"तुले मालूम नोहतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. मामाजी काही बोलले नसते.

"माहीत होतं, काकी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्यांनी मान हलवली. एखादा हिशेब जुळावा तशी नाही, कोणी आपलं गाव कुठलं ते सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं, तशी. ओट्यावर जाऊन त्यांनी गुंजनच्या तोंडाभोवतीचे मुरमुरे पदरानं पुसले, तिला उचललं. त्यांच्या कडेवर ती लगेच रमली, त्यांच्या गळ्यातले तुळशीचे मणी ओढायला लागली. काकींनी ते ओढू दिले. क्षणभर त्या तिच्या केसांना नाक लावून उभ्या राहिल्या.

"शाळेत घालशीन हिले?"

"पुढच्या वर्षी, काकी."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हनून नाई लिवलंस."

माफी मागण्याइतकं धैर्य मला आलं नाही. गुंजनला त्यांनी माझ्या हातात दिलं.

"घे. माही एकलीच होती, तीबी याच शाळेत होती."

परत येताना मामाजी दोनदा थांबले. गुंजन माझ्या खांद्यावर झोपून गेली. गावात कोणीतरी विचारलं, कुठं जाऊन आले बाबूजी, आणि ते म्हणाले, "पाळी सांगाले गेलो होतो." त्या माणसाला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तो माझ्याकडे बघून हसला, आणि मीही त्याच्याकडे बघून हसले.