अधांतरी चाक

थोरल्याने किटमधून जुळवलेल्या मॉडेल मालगाडीच्या तेरा डब्यांपैकी नऊ रुळांवरून सुरळीत धावत. शेवटचे चार वळणावर घसरत. किट एकाच बनावटीचे, हातही एकच.

धाकटा मापयंत्रांचा तपासनीस. भावाला जाऊन महिना लोटला, तरी दुखणे आधी कळू शकले असते का, हा प्रश्न त्याची पाठ सोडत नव्हता. दम कधीपासून लागतो, असे इस्पितळात डॉक्टरांनी विचारल्यावर थोरल्याने ‘पंधरा दिवस’ सांगितले होते. पंधरा दिवसांत कोणाला काय कळणार, अशी घराने मनाची समजूत घातली. धाकट्याला ती पुराव्याविना पटेना.

माडीवर थोरल्याच्या टेबलावर जाड, सपाट काच होती. सांगाडा चिकटवायचा तो काचेवरच, हा त्याचा शिरस्ता. मग डब्याच्या पोटाखाली पेन्सिलीने तारीख. ते चार डबे मात्र खालच्या कपाटात सापडले होते. धाकट्याने चाकांमधले अंतर मोजले, बरोबर होते. वजन वाढवायला एका डब्यात शिसे घातले. तरी तो घसरलाच. मग डबा काचेवर ठेवला. तीन चाके टेकली, चौथे अधांतरी. चारही डब्यांना तोच पीळ, त्याच बाजूला.

वहिनी चहा घेऊन वर आली. “खेळा, भावोजी. एक खेळगडी गेला, दुसरा हजर.”

“दादा रोज वर यायचा?”

“रोज. मी कामावरून येईपर्यंत खाली येऊन खुर्चीत बसलेले असायचे.”

“चढताना पाहिलंत?”

“घरी असते तर पाहिलं असतं.”

तिने ट्रे काचेवर टेकवला. तो डुगडुगला, कप खणखणले. धाकट्याने कप बाजूला ठेवून रिकाम्या ट्रेवर डबा ठेवला, हळूहळू फिरवला. चारही चाके टेकली. उरलेले तीनही तसेच बसले. ट्रेवर वाळलेल्या गोंदाचे ठिपके होते.

“हा कुठे असायचा?”

“त्यांच्या खुर्चीपाशी. मांडीवर घेऊन पेपर वाचतो म्हणायचे.” तिची नजर ठिपक्यांवर गेली. “काय ते सरळ सांगा. समजूत नको.”

त्याने चौघांतला सर्वांत जुना डबा उलटा केला, तारीख वाचली आणि सांगितले.

ते चार डबे मांडीवरच्या पिळलेल्या ट्रेवर चिकटवले होते, म्हणून वाकडे झाले. खुर्चीत बसून चिकटवले, कारण इस्पितळात जाण्याच्या आठ महिने आधीपासून थोरल्याला माडीच्या चौदा पायऱ्या चढवत नव्हत्या.