लाल टाका

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला चष्मा लागतो. तिच्या नवऱ्याला मोटरसायकल लागली. तीही नवीकोरी नाही. त्याच्याहून वयाने मोठी, काळी, एका सीटची आणि टेम्पोत घालून आणलेली. "माझी पहिलीवहिली गाडी!" म्हणून तो तिच्याभोवती असा काही फिरत होता की शेजारणीने विचारलं, "वहिनी, कोण आलंय?"

"दुसऱ्या सासूबाई," ती म्हणाली. "आता यांचंही सगळं करायचं."

नवरा नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. तिचं स्वतःचं सीटकव्हरं शिवायचं दुकान होतं. सोफे, मोटारी, दवाखान्यातली बाकं, येईल ते काम. वीस वर्षं ती दुकानात बसने जात होती, बहुतेक वेळा उभ्याने. त्यामुळे तो जेव्हा म्हणाला, "अगं, मागे तू बसणार म्हणून तर घेतली," तेव्हा तिने नाक मुरडलं, पण मनातून बरं वाटलंच. खोटं कशाला बोला?

"बदल करायचे, पण थोडेच," तो बजावायचा. "जुनं रूप जाता कामा नये." जुन्या दिव्याच्या आत नवा बल्ब बसला. मान अवघडू नये म्हणून हँडल दोन बोटं वर आलं. तेवढ्यासाठी नवरोबांनी अकरा नकाशे काढले. दोन बोटांसाठी अकरा! सीटचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. पुढच्या सीटचं चामडं पार कुजलं होतं. तिने एकाच तपकिरी चामड्यातून दोन्ही सीटा कापल्या, पुढची जुन्या मापाची आणि मागची स्वतःच्या मापाची. दोन्ही हाताने शिवल्या आणि सवयीप्रमाणे दोन्हींच्या खालच्या घडीत एकेक लाल टाका घातला. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कामाला ती तो घालायची. काम दुरुस्तीला परत आलं की कुणाच्या हातचं ते लगेच कळतं, हुज्जत नको. मागची सीट मडगार्डवर चार बोल्टांनी बसली आणि अशी शोभली, की जणू जन्मापासून तिथंच होती.

मग नवऱ्याच्या डोक्यात जुन्या गाड्यांचं मंडळ शिरलं. ही मंडळी रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानात जमायची, एकमेकांच्या नटबोल्टांचं कौतुक करायची, आणि जी गाडी अस्सल ठरेल तिच्या मालकाला पितळी बिल्ला द्यायची. अस्सल काय ते ठरवणार एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. तिने त्यांचं नाव भिंगवाले ठेवलं, कारण भिंगाशिवाय त्यांना नट दिसत नव्हता आणि भिंग धरलं की माणूस दिसत नव्हता. त्यांची स्वतःची गाडी ट्रकमधून उतरवली होती. चालू होत नाही म्हणे, पण अस्सल आहे. मग आमच्या माळ्यावरचा बंद पंखाही अस्सलच की, तिच्या मनात आलं.

ती मात्र त्या सकाळी गाडीवर बसून आली होती. पहिलीच फेरी. वाऱ्यावर पदर उडत होता, आणि तिला चक्क मजा आली होती.

भिंगवाल्यांनी तपासणी सुरू केली. बल्ब त्यांना कळला नाही, हँडलही कळलं नाही. पुढच्या सीटपाशी मात्र ते थबकले. "वाहवा! कारखान्यातली मूळ सीट. हे टाके बघा. असे हात आता राहिले नाहीत हो."

ते हात तीन पावलांवर चहाचा थर्मास धरून उभे होते. आता हा सांगेल, असं वाटून तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघून हसत होता.

भिंग मागे सरकलं आणि मिशा वाकड्या झाल्या. "ही काय ब्याद? कुणी केला हा अडाणीपणा?"

नवऱ्याने घसा खाकरला. "आधीच्या मालकाने."

"काढून टाका, मग बिल्ला देतो."

त्याने खिशातून पाना काढला. खिशातून! म्हणजे घरून निघतानाच घेतला होता. ती मागे बसून मजेत येत होती तेव्हाही तो तिथंच होता. चार बोल्ट भराभर सुटले. "जरा धर हं," म्हणत त्याने सीट तिच्या हातात कोंबली आणि बिल्ला घ्यायला छाती पुढे काढली.

तिचं डोकं सणकलं. बिल्ला लागेपर्यंत ती थांबली, मग थर्मास खाली ठेवला. "साहेब, पुढच्या सीटच्या खाली जरा बघता? एक लाल टाका आहे. तो कसला हो?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. भिंगवाले वाकले, बघून सरळ झाले. ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. "ही कारखान्याची खूण, बाई! तपासून पास केलेल्या सीटलाच घालायचे. याहून मोठा पुरावा नाही." मंडळातल्या दोघांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

"असं होय!" तिने हातातली सीट उलटी करून त्यांच्या मिशांखाली धरली. "मग ही ब्यादही कारखान्यातलीच निघाली की!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. भिंगवाले भिंग पुसू लागले, बराच वेळ पुसत राहिले. "खास मागणीवरून... दिलीही असेल."

"असेल ना. माझ्या दुकानात खास मागण्या रोज येतात. सोफ्यांनाही मी हाच टाका घालते."

आता सगळेच हसले. बिल्ला काही कुणी परत मागितला नाही. मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

सर्वांत खूश झाला तो नवरा. "काय जिरवलीस गं त्याची! आण ती सीट, दोन मिनिटांत बसवतो. आता कोण हरकत घेतंय?"

तिने सीट दिली. "बसवा. बोल्ट नीट आवळा."

त्याने चारही बोल्ट आवळले, फडक्याने चामडं पुसलं, किक मारली. गाडी एका दमात सुरू झाली. "चल, बस."

"मी कशाला?" तिने थर्मास उचलला. "आधीच्या मालकाला बसवा."

"अगं, एवढंसं बोललो त्याचं काय..."

ती रस्ता ओलांडून थांब्यावर गेली. बस खचाखच भरलेली होती. ती चढली आणि दांडा धरून उभी राहिली. पुढचे चार थांबे तो बिल्ला लावून, रिकामी सीट घेऊन बसच्या मागे मागे येत होता.