बसवेना

बुधवारी दुपारी विजयाबाईंनी दोन ताटं वाढली, हात जोडले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. समोर मंजिरी डोळे उघडे ठेवून वांग्याच्या भाजीकडे बघत बसली होती. लेक आठवड्यातून एकदा थाटीपुरला आईकडे जेवायला यायची, पण प्रार्थनेत तिचा भाग एवढाच.

"आणि प्रभू, श्रीपादभाऊंना..." इथवर येऊन आई थांबली. उठली, आणि डब्यात पोळ्या भरू लागली.

"आता कुठे?"

"हजीऱ्याला. श्रीपादभाऊंकडे." चर्चमधले श्रीपादभाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे.

"जेवून जा की. निदान आमेन तरी म्हण. देव तिकडे फोन धरून बसलाय."

"बसू दे. आमेन आल्यावर." आई पलंगाखाली चपला शोधत होती. "जा म्हणून सांगितलं, तर आमेन म्हणून मोकळं कसं व्हायचं?"

तीस वर्षं वॉर्डात नर्स होती ती. घंटी वाजली की उठायचं, कोणी का वाजवली ते तिथे गेल्यावर बघायचं.

"तुला खरंच आवाज येतो का गं?"

"कसला आवाज! बसवत नाही, एवढंच. तुला नाही होत कधी?"

"होतं ना. ॲसिडिटी वाढली की."

"मेली पुस्तकं वाचून वाचून अशी झालीस," आई हसत म्हणाली. "चाबी गरिमाकडे दे जाताना." मग तिने खिडकीतून हाक मारून खालून जाणारी ई-रिक्षा थांबवली आणि डबा घेऊन गेली.

मंजिरी एकटीच जेवली, आईचं ताट झाकून ठेवलं, किल्ली शेजारच्या गरिमाकडे दिली आणि निघाली.

गुरुवारी साडेतीनला ती इंदरगंजजवळच्या आपल्या वाचनालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होती. अचानक तिला बसवेना. आवाज नाही, विचार नाही. नुसतं आईचं घर डोळ्यांपुढे, आणि बसवेना. फोन केला, तो नुसता वाजत राहिला. पण दुपारी आई फोन कपाटातच ठेवायची. मंजिरी उठली, पर्स खांद्याला लावली. आईला काय सांगायचं? मला बसवेना म्हणून आले? जन्मभर हसली असती ती. उद्या सकाळी जाऊ, असं म्हणून मंजिरी खाली बसली आणि पुढचं पुस्तक ओढलं.

शुक्रवारी सकाळी गरिमाचा फोन आला. "दीदी, आंटी दरवाज़ा नहीं खोल रहीं।"

हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. काल संध्याकाळी, पाच-सहाच्या सुमारास. आणखी काही विचारायचंय का, असंही म्हणाले. मंजिरीने मान हलवली, नाही.

मग सगळं झालं. चर्च, दफन, चहा. पाळकसाहेब म्हणाले, विजयाबाईंनी देवाला कधी थांबायला लावलं नाही. बायका रडल्या. मंजिरी पाळकसाहेबांच्या बुटाची सुटलेली नाडी बघत होती. कपबशा विसळताना पाणी गरम आहे की गार, हे तिला सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी श्रीपादकाका डबा परत द्यायला थाटीपुरला आले.

"रिकामा कसा देऊ, म्हणून साखर घातली आहे," ते म्हणाले. मग काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले. "दोन दिवस तापाने पडलो होतो गं. कुणाला कळवलं नव्हतं. दार उघडलं तर ही डबा घेऊन उभी. आणि म्हणते काय, माफ करा भाऊ, पाच मिनिटं उशीर झाला, चपला सापडत नव्हत्या."

मंजिरीने चहा पुढे केला.

"तू तिच्यावरच गेली आहेस. जरा जरी कळलं असतं, तरी धावत आली असतीस."

"हो," मंजिरी म्हणाली.

काका काठी टेकत जिना उतरले. तिने डबा उघडला, साखर बघितली, झाकण लावलं आणि खुर्चीत बसली. आणि तिला बसवेना. तेच, साडेतीनचं. रविवारी चर्चमध्ये भेटतीलच, तेव्हा सांगू, असं मनात आलं. कप विसळायचे होते. चपला दाराशी नव्हत्या.

ती अनवाणीच खाली धावली. काकांचा एक पाय रिक्षात होता.

"काका, थांबा."

ते वळले.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "गुरुवारी, साडेतीनला. मला बसवेना. मी उठले होते, काका. आणि परत बसले."