रतनच्या थडग्यापुढचं गाऱ्हाणं

प्रेमावहिनीला रतनच्या थडग्यावर नेण्यात बाळाचा फायदाच होता. सात वर्षं तो गणपतीला गावी गेला, की ही विधवा भावजय त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता एकच विचारायची: नळावर एवढी माणसं होती, एकाच्याही तोंडून 'होय' निघू नये? बाळा अर्ध्या ताटावरून उठायचा. आता रतन मेलाच होता. वहिनीने हवं तर तिथे थुंकावं, चप्पल मारावी, आणि येत्या भादव्यापासून बाळाला सुखाने जेवू द्यावं. एका संध्याकाळीत एवढं सुटत असेल, तर सौदा वाईट नव्हता.

रतन कोयता म्हटलं की त्या काळी वाकोल्याच्या त्या वस्तीत रडणारं पोर गप्प बसायचं. सार्वजनिक नळावर आधी त्याची माणसं भरणार, मग बाकीची. एकोणऐंशी साली बाळाचा थोरला भाऊ जयवंत मिलमधली रात्रपाळी करून आला आणि त्याने न विचारता हंडा लावला. रतनने भर सकाळी सगळ्यांदेखत त्याला तोडला. कोर्टात मात्र त्या सकाळी नळावर कुणीच नव्हतं. एक दाढी करत होता, एक झाड्याला गेला होता, धोंडूतात्यांना लांबचं दिसत नव्हतं. बाळा तर घरात झोपला होता. त्या आठवड्यात त्याने दाराला हिरवा रंग तेवढा दिला. वहिनी गावाहून दिवसकार्याला आली तेव्हा तो ओला रंग तिच्या पदराला लागला, आणि वस्तीतल्या बायका तिच्या कानाला.

रतन सुटला. पुढे काविळीने मेला, तोही आपल्या खाटेवर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून.

शहाऐंशीच्या मे महिन्यात वहिनी भाचीच्या लग्नाला मुलुंडला आली. लग्न उरकल्यावर म्हणाली, भावजी, जाण्याआधी एकदा रतनला बघून येते. परतीची एसटी तिने अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची घेतली होती. बाळाला त्यात काही दिसलं नाही.

रतनच्या लोकांत पुरायची रीत. वस्तीमागे नाल्याच्या कडेला त्याला पुरलं, आणि त्या पावसाळ्यात तीन पोरं तापाने फणफणली. बाकीची वस्ती सगळी मालवणी. कुणीतरी म्हणालं, रतनचा देवचार झालाय. गावच्या हद्दीवर असतो तसा, मान दिला तर राखणार, नाही दिला तर छळणार. झालं. दर अमावास्येला तिन्हीसांजेला थडग्यावर नारळ, विडी आणि गाऱ्हाणं सुरू झालं. जिवंतपणी ज्याला शिव्या घातल्या त्याला आता अगरबत्ती.

यात खरी चंगळ रतनचा धाकटा भाऊ नंदकिशोर याची. स्वतःचा कोयता न उचलता त्याला भावाचा दरारा आयता मिळाला होता. नळाची चावी आता त्याच्या कमरेला.

त्या अमावास्येला बाळासोबत जयवंतची बायको नारळ घेऊन येताना दिसली तसा नंदकिशोर फुलला. हिचा नारळ इथे फुटला की तो विषय कायमचा गाडला. नेहमी गाऱ्हाणं घालणाऱ्या धोंडूतात्यांना तो म्हणाला, "तात्या, आज तुम्ही राहू द्या. वहिनीच घालतील."

"बायकांनी नाय घालूचा रे."

"आज घालतील. माझा भाऊ ऐकेल."

वहिनीने पदर खोचला. नारळ हातात धरून ती उभी राहिली, पण तोंड थडग्याकडे नाही, दक्षिणेला, गावच्या दिशेला. बाळाने सवयीने हात जोडून डोळे मिटले. गाऱ्हाण्यात एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. गावी बाळाचा होकार तीन घरं पलीकडे ऐकू जाई.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्येच्या धन्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"तुझी लेकरां आज हंय जमली हत म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"सात वर्सांपूर्वी नळार माझ्या घोवाक रतनान कोयत्यान तोडल्यान म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

लय लागली होती. शब्द कानावरून मनात जाईपर्यंत तोंड पुढे निघून गेलं होतं. नंदकिशोरने मान वर केली.

"तेचे हात ह्या नंदकिशोरान मागसून धरल्यान म्हाराजा…"

होकार आला. थोडा विरळ, पण आला. आणि त्यात धोंडूतात्यांचा आवाज स्पष्ट होता. देवाला घातलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडायची छाती तिथे कुणाचीच नव्हती, नंदकिशोरचीसुद्धा.

"घोव माझो धावत सख्ख्या भावाच्या दारार इलो. भावान आतसून कडी घातल्यान. रगात लागलला दार हिरव्या रंगान झाकल्यान म्हाराजा…"

या वेळी एकट्याचाच खणखणीत आवाज उठला, "व्हय म्हाराजा." बाळाने डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते.

वहिनीने नारळ फोडलाच नाही. तो पिशवीत टाकून ती म्हणाली, "भावजी, माका एक 'होय' पुरे होता. तुमचाच गावला."

दोन दिवसांनी धोंडूतात्या आपल्या पायाने पोलीस चौकीत गेले. देवापुढे हो म्हणून चौकीत नाही म्हणणं त्यांना जमेना. त्यांच्यामागून आणखी चौघे गेले. नंदकिशोरला पकडलं तेव्हा नळाची चावी त्याच्या कमरेलाच होती. पुढच्या अमावास्येला थडग्यावर विडीसुद्धा पडली नाही.

भादव्यात बाळा गावी गेला. गणपतीपुढे गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी होकार भरला. बाळाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. रात्री वहिनीने ताट वाढलं, भाकरी वाढली, आणि काहीच विचारलं नाही. बाळा समोर बसून राहिला, त्या जुन्या प्रश्नाची वाट बघत.

हिशेब बघायला गेलं तर रतनने दमडी भरली नाही. नंदकिशोरने भरलं ते तुरुंगात, त्याला निदान सुटायची तारीख होती. बाकीचं सगळं बाळा भरतो आहे, रोज दोन वेळा, जेवायला बसला की.