कुल्लूची लोकर

चैत्रातल्या दुपारी माणिकबाईनं कूलर बंद केला, तशी खोलीची भट्टी झाली. कूलर लावला की मांडीवरच्या अंगोरा लोकरीचे पांढरे तंतू उडून नाकातोंडात जात. बंद केला की हाताला घाम सुटे आणि धागा बोटांना चिकटून बसे. तिनं सुया खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा ठेवल्या.

लोकर कुल्लूहून आली होती. माणिकबाईची मुलगी अपेक्षा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकत होती. तिथंच कुल्लूचा अंकुश तिला भेटला आणि आता वैशाखात लग्न ठरलं होतं. अंकुशच्या आईनं, सत्यादेवींनी, घरच्या सशांची लोकर कातून पाठवली होती. मुलीला तुमच्या हातचं काहीतरी विणून द्या, म्हणून. अकोटात भाजीचा मळा सांभाळून माणिकबाईनं आजवर कितीतरी स्वेटर विणले होते, पण सगळे साध्या बाजारच्या लोकरीचे. ही लोकर हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटतच नव्हतं, इतकी हलकी. गालाला लावली की मात्र लगेच ऊब लागायची.

पार्सल मिळालं त्याच दिवशी सत्यादेवींचा फोन आला होता. "बहनजी, ऊन कैसी लगी?"

"बहुत तेज है जी," माणिकबाई म्हणाली. "सहन नहीं होती. अंग जलता है."

तिकडून नुसतं "अच्छा" आलं आणि फोन ठेवला गेला.

त्यानंतर फोनच नाही. माणिकबाईच्या जीवाला घोर लागला. पोरगी आधीच एवढ्या लांब, बर्फात चाललेली. त्यात सासू अशी तुटक! पालकाच्या जुड्या बांधता बांधता ती उठून दारापर्यंत जाई आणि काहून उठली ते विसरून परत येई. विणकामही साथ देईना. नेहमीसारखं घट्ट विणलं तर लव दबून कापड पुठ्ठ्यासारखं झालं. सैल विणलं तर कमरेची पट्टी लोंबली, ताणली की परत आखडेना. उसवायला गेली तर तंतू एकमेकांत गुंतून धागाच तुटला.

"रायू दे ना मंग," नवरा पंजाबराव म्हणाला. "अकोल्याहून तयार स्वेटर आणू."

"तुमी गप बसा. तुमाले काय समजते त्यातलं?"

शनिवारी अपेक्षा एसटीनं घरी आली ती तोंड फुगवूनच. "आई, तू अंकुशच्या मम्मीले काय बोलली वं? त्यायची लोकर टोचते, अंग जळते म्हणे. किती दिवस सशाइले विंचरून काढली होती त्यायनं."

"मी लोकरीचं काईच नाई बोलली! मी त उनाचं..."

अपेक्षानं कपाळावर हात मारला. "अवं माय! हिंदीत ऊन म्हंजे लोकर!"

भाजीबाजारात माणिकबाई रोज हिंदी बोलायची, पण तिथं लोकरीचं काम कधी पडलं नव्हतं. तिनं लेकीच्या हातातून फोन ओढूनच घेतला आणि सत्यादेवींना व्हिडिओ कॉल लावला.

"बहनजी, गलती हो गई. हमारे इधर ऊन मतलब धूप!"

मग सत्यादेवी अशा हसल्या की त्यांना खोकला आला. माणिकबाईनं लोंबलेली पट्टी कॅमेऱ्यापुढं धरली.

"पट्टी में भेड की ऊन मिलाओ, तब खिंचके वापस आएगी," त्या म्हणाल्या. "सलाई मोटी लो. और गोला थैली में बांधके थोडी देर फ्रिज में रखो, रोएं कम उडेंगे."

माणिकबाई मान डोलवत होती, पण तिला राहवेना. "बहनजी, हमारी लडकी को ठंडी बिलकुल सहन नहीं होती."

"तो आप बाजू लंबी रखना," सत्यादेवी हळूच म्हणाल्या. "बाकी मैं हूं न."

दुसऱ्याच दिवशी माणिकबाई अकोल्याहून मेंढीची लोकर आणि जाड सुया घेऊन आली. संध्याकाळी पंजाबरावानं पाण्यासाठी फ्रिज उघडला, मेथीच्या जुडीशेजारची पांढरी थैली पाहिली आणि काही न विचारता फ्रिज लावून टाकला.

स्वेटर हळदीच्या आदल्या दिवशी पुरा झाला. अपेक्षानं तो घातला आणि बटणं लावेपर्यंत तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"काढू दे वं माय, जीव चालला माया!"

"थांब जराशी," माणिकबाई म्हणाली. तिनं लेकीला वळवून पाठ पाहिली, बाह्या ओढून पाहिल्या, मनगट झाकलं का ते पाहिलं. ऊब तर होती. तरी तिचे हात थांबेनात. "गळा अजून बोटभर वर घेतला असता, त बरं झालं असतं."